जबडा बसवला, घास शिकवायचा राहिला

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री आणि मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : कर्करोगाचे ऑपरेशन होऊन घरी परतलेल्या रुग्णांसाठी समन्वयक नेमण्याबाबत, तसेच त्यांना मराठीतून लेखी सल्ला आणि जिल्ह्यातच पुढील उपचार मिळण्याबाबत.

महोदय,

मी विदर्भात, कापसाच्या पट्ट्यातल्या एका लहान गावात अंगणवाडी सेविका आहे. एकोणीस वर्षं झाली. गावाचं, जिल्ह्याचं आणि ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलचं नाव मी या पत्रात लिहीत नाही. हॉस्पिटलचं लिहीत नाही, कारण तिथल्या डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याचा जीव वाचवला आणि त्यांच्या हाताबद्दल माझी काहीच तक्रार नाही. जिल्ह्याचं लिहीत नाही, कारण तिथल्या एका ताईंनी नियमात न बसणारी मदत आम्हाला केली. या पत्रामुळे त्यांच्यावर बालंट यायला नको.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये यांच्या तोंडाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. उजव्या गालाच्या आत, खालच्या दाढेला लागून आधी पांढरा चट्टा होता. मग फोड आला, तो भरेना. तालुक्याहून औषध आणलं, हळद-तूप लावलं, यात दोन महिने गेले. तुकडा तपासायला पाठवला तेव्हा आजार हाडापर्यंत पोचला होता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी एका कागदावर चित्र काढून मला समजावलं. गालाचा आतला भाग आणि उजवीकडचा खालचा जबडा काढायचा. मानेतल्या गाठी काढायच्या. मग पायाच्या नडगीशेजारी जे बारीक हाड असतं ते कातडीसकट, रक्तवाहिन्यांसकट काढायचं, जबड्याच्या आकारात कापून धातूच्या पट्टीने बसवायचं, आणि त्याच्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने शिवायच्या. उभं राहताना शरीराचा भार नडगीचं जाड हाड पेलतं, म्हणून शेजारचं बारीक हाड काढलं तरी चालतं. घोट्याजवळचा तुकडा मात्र ठेवतात, नाहीतर पाऊल डगमगतं. मी बारावी शिकलेली बाई, पण त्या चित्रावरून मला सगळं कळलं. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

सकाळी साडेआठला यांना आत नेलं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते. पुढचे तीन दिवस नर्स दर तासाला येऊन बसवलेल्या कातडीचा रंग बघायच्या, सुई टोचून लाल रक्त येतं का ते बघायच्या. जोडलेल्या रक्तवाहिनीत गुठळी झाली आणि लवकर लक्षात आली नाही, तर बसवलेलं सगळं मरून जातं. त्या नर्सपैकी एक आठ महिन्यांची गरोदर होती, तरी तिचा एकही तास चुकला नाही. हे सगळं महात्मा फुले योजनेत झालं, केशरी रेशनकार्डावर. आम्हाला बिल भरावं लागलं नाही. या योजनेविरुद्ध माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही.

चौदाव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. तिथून पुढे आम्ही एकटे पडलो, आणि हे पत्र त्या पुढच्या दिवसांबद्दल आहे.

एकटे पडलो असं मी तुलना करून म्हणते. आमच्याच घरात त्याआधी पाच वर्षं दुसरं मोठं ऑपरेशन झालं होतं. माझ्या धाकट्या दिरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि २०१७ साली सासूबाईंनी त्यांना आपली एक किडनी दिली. तेही नागपूरलाच, दुसऱ्या हॉस्पिटलात. तिथे पहिल्या दिवसापासून एक समन्वयक ताई आमच्यासोबत होत्या. आई-मुलाचं नातं सिद्ध करायला कोणते कागद लागतात ते त्यांनी सांगितलं. दिरांच्या जन्मदाखल्यावर सासूबाईंचं नाव चुकलेलं होतं, ते दुरुस्त करायला कुठे जायचं तेही सांगितलं. सासूबाईंना एकटीला बाजूला घेऊन, आमच्यापैकी कोणालाही आत न येऊ देता त्यांनी विचारलं, ‘आई, तुमच्यावर कोणाचा दबाव तर नाही ना?’ सासूबाईंना एवढ्या आदराने आयुष्यात कोणी काही विचारलं नसावं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

ऑपरेशननंतरही त्या ताई सुटल्या नाहीत. शरीर परकी किडनी नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात, त्यांच्या वेळांचा तक्ता त्यांनी मराठीत लिहून दिला. कोणत्या दिवशी रक्त तपासायचं, ताप आला तर किती वाट बघायची, बाहेरचं पाणी का प्यायचं नाही, सगळं त्यात होतं. लॉकडाऊनमध्ये गोळ्या मिळेनाशा झाल्या तेव्हा त्यांचाच फोन आला, आम्ही करायच्या आत. आज दीर शेती बघतात आणि सासूबाई एका किडनीवर धडधाकट आहेत.

तेव्हा मला वाटायचं, त्या ताईंचा स्वभावच तसा. पुढे कळलं, तो कायदा आहे. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली संसदेने केला, तो किडनीचा बाजार थांबावा म्हणून. २०११ साली त्यात दुरुस्ती झाली आणि त्या दुरुस्तीनुसार प्रत्यारोपण समन्वयक नेमल्याशिवाय रुग्णालयाला प्रत्यारोपणासाठी नोंदणीच मिळत नाही. म्हणजे सर्जन आहे, ऑपरेशन थिएटर आहे, यंत्रं आहेत, पण रुग्णाचा आणि दात्याचा हात धरणारं माणूस नाही, तर परवानगी नाही. आणि साहेब, आरोग्य हा राज्यांचा विषय असल्यामुळे मूळ कायदा संसदेने करावा म्हणून ज्या राज्यांच्या विधिमंडळांनी आधी ठराव केले, त्यांत गोवा आणि हिमाचल प्रदेशासोबत आपला महाराष्ट्र होता. या राज्याला असा विचार पूर्वी सुचलेला आहे. मी नवं काही मागत नाहीये.

आता यांचं सांगते. यांच्या जबड्यात बसवलेलं हाड यांचंच, कातडी यांचीच. परकं काही नाही म्हणून शरीराने नाकारायचा प्रश्न नाही, आयुष्यभराच्या गोळ्या नाहीत. पण ते हाड चालायसाठी घडलेलं होतं. त्याला चावायचं कसं ते ठाऊक नाही. ती कातडी पोटरीवरची, तिला गालाच्या आतल्यासारखी ओल नाही, चव नाही, घास कुठे आहे ते तिला समजत नाही. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस जबड्यासोबत गेली, त्यामुळे पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळायचं आणि यांना कळायचंही नाही. हे सगळं माणसाला नव्याने शिकवावं लागतं. शिकवणारे लोक असतात, त्याची विद्या असते, तिच्या पदव्या असतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

घरी आलो तेव्हा नाकात नळी होती. मिक्सरमधून काढलेलं वरण, ज्वारीची पातळ आंबील, दूध-अंडं, असं दर दोन-अडीच तासांनी मोठ्या सिरिंजने द्यायचं. हे नर्सने दाखवलं होतं, म्हणून नीट जमलं. पण नळी काढल्यावर पहिला घास कसा द्यायचा ते कोणी दाखवलं नव्हतं. मी यांना उशीला टेकवून, मान मागे करून चमच्याने पाणी पाजलं, लहान बाळाला पाजावं तसं. ते श्वासनलिकेत गेलं. यांचा चेहरा काळानिळा पडला. तीन दिवसांनी ताप, मग छातीत कफ, मग पुन्हा नऊ दिवस दवाखाना. पुढे कळलं की अशा माणसाने ताठ बसून, हनुवटी छातीकडे झुकवून गिळायचं असतं आणि सुरुवातीला पाण्यापेक्षा दाटसर पदार्थ सोपा जातो. दोन वाक्यांची गोष्ट. गावातल्या पन्नास बाळांना वरचं अन्न कसं सुरू करायचं ते मी त्यांच्या आयांना शिकवते. माझ्याच घरात मला ते येत नव्हतं.

ऑपरेशननंतर सहाव्या आठवड्यात शेक, म्हणजे किरणोत्सर्गाचे उपचार, सुरू झाले. तीस शेक, आठवड्याला पाच. सहा आठवडे आम्ही नागपूरला धर्मशाळेत राहिलो. मदतनीस बाईंनी अंगणवाडी सांभाळली, माझं मानधन कापलं गेलं. तोंड आतून सोलून निघालं, लाळ आटली. शेक संपल्यावर हळूहळू जबडा आखडत गेला. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी बसतात. एप्रिल उजाडेपर्यंत यांच्या तोंडात एक बोट मुश्किलीने जात होतं. आम्हाला वाटलं, शेकामुळे असंच होत असेल, पुढे सुटेल.

मग डावीकडची दाढ दुखायला लागली. तालुक्याला दंतवैद्याकडे गेलो. पक्कड हातात घेण्याआधी त्यांनी मानेवरची खूण बघितली आणि विचारलं, ‘शेक दिलाय का?’ हो म्हटल्यावर त्यांनी पक्कड खाली ठेवली. शेक दिलेल्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, तिथला दात उपटला तर जखम भरत नाही, हाड कुजत जातं. काढण्यासारखे दात असतील तर ते शेक सुरू होण्याआधीच काढून जखम भरू द्यायची असते. आमच्या बाबतीत ते कोणी बघितलंच नाही. ऑपरेशन करणाऱ्यांना वाटलं शेकवाले बघतील, शेकवाल्यांना वाटलं आधीच झालं असेल. त्या दंतवैद्यांनी दाढ न उपटता मुळापर्यंत औषध भरून वाचवली. जेमतेम उघडणाऱ्या तोंडातून ते काम करायला त्यांना चार खेपा लागल्या आणि त्यांनी निम्मेच पैसे घेतले. त्या दिवशी त्यांच्याऐवजी दुसरं कोणी असतं तर काय झालं असतं, या विचाराने मला अजून रात्री जाग येते.

त्याच महिन्यात मी गावातल्या एका मुलाला जिल्ह्याला घेऊन गेले. टाळू फाटलेलं मूल, त्याचं ऑपरेशन झालेलं, बोलणं अजून नाकातून येत होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. तिथे वाचा शिकवणाऱ्या ताई असतात. त्या मुलाला ‘प’ म्हणायला शिकवत होत्या. ओठ मिटायचे, हवा अडवायची, सोडायची. समोर आरसा, हाताशी कागदाचा कपटा. हवा ओठांतून आली तर कपटा उडतो, नाकातून गेली तर जागचा हलत नाही. मी बघत राहिले. यांना ‘प’ येत नव्हता. ‘प’ नाही, ‘ब’ नाही, ‘म’ नाही. मूल बाहेर गेल्यावर मी विचारलं, ‘ताई, ही शिकवणी मोठ्या माणसाला चालते का?’

ताई म्हणाल्या, हे केंद्र अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. मग म्हणाल्या, ‘मंगळवारी दोन वाजता आणा. माझी जेवणाची सुट्टी असते.’

मंगळवारी यांना नेलं. ताईंनी आधी डिस्चार्ज कार्ड मागितलं. वाचलं आणि थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग खालून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून मला दाखवलं. इंग्रजी आद्याक्षरं होती, चार-पाच, मध्ये टिंबं. त्यांनी अर्थ सांगितला : तोंड उघडण्याचे व्यायाम दिवसातून पाच वेळा, खांद्याचे व्यायाम, गिळण्याच्या आणि वाचेच्या तज्ज्ञाकडे दाखवणे, शेकाआधी दातांची तपासणी.

सगळं लिहिलेलं होतं, साहेब. पाच महिने ते कार्ड माझ्या पिशवीत होतं. किती ठिकाणी दाखवलं असेल, किती वेळा त्याची झेरॉक्स काढली असेल. ज्यांनी लिहिलं त्यांना वाटलं आपण सांगितलं. मी अंगणवाडीत रोज अकरा रजिस्टरं भरते, पोषण ट्रॅकरवर माहिती टाकते, मी अडाणी नाही. पण ती ओळ माझ्यासाठी लिहिलेलीच नव्हती. ती एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहिली होती, आणि तो दुसरा डॉक्टर आमच्या वाटेवर कुठे नव्हताच.

ताईंनी त्या दिवशी आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा गठ्ठा दिला. काड्या एकावर एक रचून दाढांच्या मध्ये सरकवायच्या, थोडा वेळ धरायच्या, दर काही दिवसांनी एक वाढवायची. पहिल्या दिवशी सात काड्या बसल्या. आज सोळा बसतात. शेक चालू असतानाच सुरुवात केली असती तर तोंड एवढं मिटलंच नसतं, असं त्या म्हणाल्या. मला बरं वाटावं म्हणून खोटं सांगणं त्यांना जमत नाही, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

खांद्याचंही तसंच. मानेतल्या गाठी काढताना खांदा उचलणारी नस सोलून बाजूला करतात. नस वाचवली तरी ती महिनोन्‌महिने सुस्तावते. हे आमच्या गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवायचे. सामुदायिक प्रार्थना झाली की राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं, आणि त्यात यांची खंजिरी. ऑपरेशननंतर उजवा हात खांद्याच्या वर जाईना. सदरा घालताना मला बाही धरावी लागायची. आधी मानेवरची ती लांब चीर बघून मी डॉक्टरांना विचारलं होतं की एवढं कशाला कापलं. त्यांनी न कंटाळता सांगितलं. यांच्या मानेत तर गाठ हाताला लागत होती, त्यामुळे प्रश्नच नव्हता. पण आजार लवकर सापडलेल्या आणि मानेत काहीच न लागणाऱ्या रुग्णांचाही मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मानेतल्या गाठी तोंडाच्या ऑपरेशनसोबतच काढल्या त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते. ज्यांच्या गाठी वाढल्यावरच काढायचं ठरवलं होतं, त्यांच्यातले ६७.५ टक्के. शंभरातले बारा-तेरा जीव. डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून जगभर या रुग्णांची मान आधीच साफ करण्याकडे कल आहे.

मला हे ऐकून अभिमान वाटला. आपल्या मुंबईत शोध लागला, आपल्याच लोकांच्या आजारावर. पण ते बारा-तेरा जण जगले म्हणजे त्यांचे बारा-तेरा खांदे आहेत, बारा-तेरा जबडे आहेत, आणि त्यांच्या घरी माझ्यासारख्या बारा-तेरा बाया आहेत. ऑपरेशनची विद्या जसजशी वाढेल तसतसे असे लोक वाढत जाणार. ते कुठे जाणार आहेत?

तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. तो सगळ्यांच्याच मनात येतो, फॉर्म भरून घेणाऱ्या कारकुनापासून पाहुण्यांपर्यंत. खर्रा खायचे ना? हो, खायचे. जिनिंगमध्ये मुकादम होते. हंगामात बारा-बारा तास उभं राहायचं, जेवायची वेळ ठरलेली नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेली ती पुडी गालात धरली की भूक मरते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. खर्रा मात्र घोटणाऱ्याच्या हातावर तयार होतो, त्याला कारखाना लागत नाही, आमच्या बसस्टँडवर आजही मिळतो. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी साधारण चारातला एक तंबाखू घेत होता, आणि त्यांतले बहुतेक चघळणारे. मी अंगणवाडीत तंबाखूमुक्तीची शपथ देत होते आणि घरी यांच्या खिशातल्या पुड्या फेकत होते. भांडणं झाली, अबोले झाले. त्याचं दुःख आमचं आम्हाला आहे. पण चूक यांची होती म्हणून पुढचा उपचार कमी मिळावा, असं कोणी उघड म्हणत नाही. आणि तरी तो कमीच मिळतो. किडनीच्या रुग्णाकडे लोक दयेने बघतात. तोंडाच्या कर्करोगवाल्याकडे बघताना त्यांची नजर आधी गालावर जाते, मग खिशाकडे. यांनी आठ महिने आरसा बघितला नाही. दाढी मी करून द्यायचे.

आता मागणं. पहिलं आणि सगळ्यांत महत्त्वाचं मागणं समन्वयकाचं. जी रुग्णालयं शासनाच्या योजनेतून कर्करोगाची मोठी ऑपरेशनं करतात, त्यांना योजनेत घेताना अट घाला. जशी प्रत्यारोपणाला आहे तशी. योजनेचा आरोग्यमित्र तिथे बसलेला असतो. पण त्याच्याकडे रेशनकार्ड, आधार, मंजुरी एवढंच काम आहे आणि ते तो करतो, त्याला दोष नाही. वेगळं माणूस हवं. ऑपरेशन, शेक आणि केमो या तीन खात्यांमध्ये रुग्णाचा कागद नेणारं, शेकाआधी दात बघितले का हे विचारणारं, घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात फोन करून ‘गिळता येतंय का’ असं विचारणारं. हे डॉक्टरच असायला हवं असं नाही. दिरांच्या वेळच्या ताई समाजकार्य शिकलेल्या होत्या.

खर्चाचं म्हणाल, तर शासनाने याआधीही रुग्णाची गरज बघून हात मोकळा केलेला आहे. योजनेची मर्यादा कुटुंबामागे दीड लाख होती तेव्हाही किडनी प्रत्यारोपणासाठी ती अडीच लाख होती, कारण त्याला जास्त लागतात हे कोणीतरी समजून घेतलं होतं. २०२३ मध्ये तर मर्यादा पाच लाख करून योजना सगळ्यांना खुली करण्याचा निर्णय झाला. बारा तासांच्या ऑपरेशनचे पैसे शासन भरतं. त्या ऑपरेशनचा उपयोग व्हावा म्हणून लागणाऱ्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या शिकवण्या त्यापुढे कितीशा महाग असणार?

डिस्चार्ज कार्डासोबत मराठीत एक पान द्या. छापील चालेल. घास कसा घ्यायचा, मान कशी ठेवायची, काड्या कशा वाढवायच्या, दात कधी उपटू नये, हात भिंतीवर कसा चढवायचा, चित्रांसह. आमच्या बालविकास विभागाचे पोषणाचे तक्ते येतात, किती सुंदर असतात. निरक्षर बाईलाही कळतात. तेच चित्रकार हे पान काढू शकतील. आणि त्याची एक प्रत आशाताईला आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला जाऊ द्या, म्हणजे गावात विचारायला कोणीतरी असेल.

आणि जिल्ह्याच्या ठिकाणी आठवड्यातून एक दिवस. वाचा शिकवणारं माणूस शासनाने मुलांसाठी आधीच नेमलेलं आहे, फिजिओथेरपिस्ट नेमलेला आहे. कुठे जागा रिकामी असेल ती भरा. मोठ्यांच्या गिळण्याचं वेगळं प्रशिक्षण लागतं, हे ताईंनी मला स्पष्ट सांगितलं. त्यांनी स्वतः ते मोबाईलवर व्याख्यानं ऐकून आणि मुंबईतल्या आपल्या जुन्या शिक्षकांना विचारून शिकून घेतलं. वांद्र्याला वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, मुंबई-नागपूर-छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. त्यांना सांगितलं तर ते शिकवतील. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून आमचे लोक खोकल्या-तापाचे डॉक्टर गाठतात, तशीच वाचातज्ज्ञाची वेळही ठेवता येईल. वैद्यकीय शिक्षण एका मंत्रालयात आणि जिल्हा रुग्णालय दुसऱ्या, म्हणून पत्र दोघांनाही लिहिलं आहे. कृपा करून ते एकमेकांकडे पाठवून बंद करू नका.

हे आता बोलतात. अनोळखी माणसाला दोनदा ऐकावं लागतं, पण बोलतात. अंगणवाडी सुटल्यावर रोज अर्धा तास भिंतीवरच्या बाराखडीच्या तक्त्यासमोर आम्ही दोघं बसायचो. प, फ, ब, भ, म. ओठ मिटतो की नाही ते मी बघायचे. एकदा एक चार वर्षांची मुलगी डबा विसरली म्हणून परत आली. यांना ‘पपई’ म्हणताना तिने ऐकलं आणि शेजारी बसून तीही म्हणायला लागली. यांच्या चेहऱ्याला न घाबरलेली ती पहिली. पुढे बरेच दिवस ती डबा मुद्दाम विसरायची.

खंजिरी अजून धरता येत नाही. टाळ मात्र वाजवतात, त्याला हात खाली ठेवून चालतो.

आम्ही आता महिन्यातून एकदाच ताईंकडे जातो. येत्या मंगळवारी जायचं आहे. माझं एसटीचं तिकीट अर्धं लागतं, यांचं पूर्ण. या वेळी सोबत आणखी तिघं आहेत. एक शेजारच्या गावचे शिंपीकाका, जीभ अर्धी काढलेली. एक चाळिशीची बाई, मिश्रीची सवय होती, वरचा टाळू काढलाय, प्यालेलं पाणी नाकातून येतं. एक बत्तीस वर्षांचा पोरगा, कालपरवाच नळी घेऊन घरी आलाय, त्याच्या आईला मी फोनवर सांगितलंय की तिथे जाईपर्यंत त्याला पाणी पाजू नका. या तिघांनाही हॉस्पिटलातून कोणी पाठवलेलं नाही. बाजारात, एसटीत, हळदीकुंकवाला एकमेकींकडून ऐकून ते माझ्यापर्यंत आले. ताईंना मी अजून सांगितलेलं नाही की आम्ही पाच जण येतोय. त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या आहेत, आणि त्यांची जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असते.

आपली नम्र,
एक अंगणवाडी सेविका